स्वतःच्या खांद्यावर चढणारा नट

आपल्या दर्शनग्रंथांत एक मार्मिक दृष्टांत येतो: नट कितीहि कसलेला असला, तरी तो स्वतःच्या खांद्यावर चढूं शकत नाहीं. हा दृष्टांत गतिशास्त्रालाहि तंतोतंत लागू पडतो. होडींतून कांठावर उडी मारणाराच्या पायांखालून होडी मागें सरते, हें वाचकांनीं पाहिलेंच असेल. परंतु होडींत बसूनच कोणी तिच्या पुढच्या फळीला रेटूं लागला, तर दिवसभर घाम गाळूनहि तो पैलतीरास लागणार नाहीं. कांहीं तरी मागें लोटल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम तो हाच.

मग निर्वात अवकाशांत अग्निबाण कशाला रेटतो? हीच शंका १९२० सालीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें रॉबर्ट गॉडर्ड यांची थट्टा करतांना काढली होती. अग्निबाण आपल्याच पोटांतील वायु वेगानें मागें फेंकतो, हें तिचें उत्तर. मानव चंद्राकडे निघाल्यावर, १९६९ च्या जुलैंत, त्या पत्रानें आपली चूक कबूल केली.

तथापि बरोबर नेलेलें इंधन संपतें, ही अडचण उरतेच. तींतूनच, कांहींहि मागें न फेंकतां चालणाऱ्या यंत्राचा मोह उत्पन्न होतो. रॉजर शॉयर या ब्रिटिश अभियंत्याचें ‘एमड्राइव्ह’ हें असेंच यंत्र. एका टोंकास रुंद व दुसऱ्यास निमुळतें असें तांब्याचें बंद भांडें घ्यावें, आंत सूक्ष्मतरंग खेळवावे, कीं तें एका दिशेस सरकूं लागतें, असा त्यांचा दावा. २०१६ सालीं नासाच्या एका प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं, निर्वातांत दर किलोवॅटमागें १.२ मिलिन्यूटन रेटा मिळाल्याचें प्रसिद्ध केलें. हा रेटा म्हणजे सुमारें अष्टमांश ग्रॅमचें वजन!

रेटा क्षुल्लक खरा. पण त्याचा परिणाम पाहा. विजेचा खर्च दर सेकंदास तोच राहील आणि वेग मात्र वाढतच जाईल. सेकंदास सुमारें ८३३ किलोमीटर वेगाच्या पलीकडे यंत्राची गतिज ऊर्जा खर्चाहून अधिक झपाट्यानें वाढूं लागेल. म्हणजे शून्यांतून ऊर्जा निपजेल. घरचा जमाखर्च लिहिणारी कोणतीहि गृहिणी असली वही मान्य करणार नाहीं.

तरीहि शास्त्रज्ञांनीं केवळ उपहास न करतां परीक्षाच घेतली, हें त्यांस भूषणावह आहे. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठांत मार्टिन टायमार व त्यांच्या सहकाऱ्यांना २०१८ सालीं असें आढळलें, कीं भांड्यांत जाणारी शक्ति जवळजवळ तोडली तरी रेटा तेवढाच दिसतो! मग तो भांड्याचा कसा असेल? २०२१ सालीं पुढील उलगडा प्रसिद्ध झाला. यंत्र तापलें, कीं तें काट्यावर बसविण्याचे भाग प्रसरण पावत आणि काटा हले. बैठक सुधारतांच रेटा मावळला.

एमी नोएथर या विदुषीनें १९१८ सालीं दाखविलें, कीं निसर्गाचे नियम सर्व स्थळीं सारखेच असल्यामुळें संवेग अक्षय्य राहतो. म्हणून हा नियम मोडणें म्हणजे विश्वाच्या पायाचाच चिरा हलविणें होय.

इंधनावांचून प्रवास मात्र अशक्य नाहीं. २०१० सालीं जपानच्या ‘इकारोस’ यानानें विस्तीर्ण शीड पसरून सूर्यप्रकाशाच्या रेट्यानें आपली गति बदलून दाखविली. नट वर चढला खरा. पण खांदा सूर्यनारायणाचा होता.