ग्रीक भाषेतील लोकनामसाधित क्रियापदे : 'मेडिझेइन' आणि 'आत्तिकिझेइन'

प्राचीन ग्रीक भाषेत लोकसमूहाच्या वा स्थळाच्या नावास '-इझो' हा प्रत्यय लावून क्रियापद साधले जाते. व्याकरणाच्या आपल्या परिभाषेत त्यास नामधातू म्हणता येईल. 'हेलेनिझेइन' म्हणजे ग्रीक बोलणे, 'लाकोनिझेइन' म्हणजे स्पार्टाची रीत अनुसरणे वा तिचा पक्ष घेणे.

'मेडिझेइन' मात्र थेट आरोपच आहे. मीडांचे राज्य सायरसने इ.स.पू. ५५० च्या सुमारास जिंकले; तरी ग्रीकांच्या तोंडी पर्शियनांसाठीही मीड हेच नाव राहिले. इ.स.पू. ४८०-४७९ च्या स्वारीत पर्शियनांना मिळालेल्या थीब्जसारख्या नगरांना हे क्रियापद लागले. म्हणजे त्याचा कर्ता मीड नसतो. फितूर ग्रीक असतो.

इ.स.पू. ४२७ मध्ये प्लातेआ शरण आले. स्पार्टाच्या पाच न्यायाधीशांपुढे थीब्जने केलेले भाषण थुसिडिडीसने दिले आहे. पुढे अथेन्स ग्रीकांवर चालून आले तेव्हा बीओशियात प्लातेआनेच 'आत्तिकिझेइन' केले, असा प्रत्यारोप त्यात आहे. अथेन्स तर पर्शियनांशी लढलेले नगर! पण प्रत्यय तोच लावताच जुनी मैत्री फितुरीच्या रांगेत बसली. युक्तिवाद म्हणून ही तुलना लंगडी आहे. शब्द म्हणून ती बेमालूम जुळते.

न्यायाधीशांनी प्रश्न एकच विचारला : चालू युद्धात स्पार्टाचे काही भले केले काय? किमान २०० प्लातेआवासी व २५ अथेनियन मारले गेले. स्त्रिया दासी झाल्या. स्पार्टाची ही कठोरता मुख्यतः थीब्जसाठी होती, असे थुसिडिडीसचे मत आहे.