दहाटायरी

कळंबोली. लोखंड बाजाराच्या मागचं गाड्यांचं यार्ड. मे महिना, सकाळचे अकरा. पायाखालची माती ऑइल पिऊन काळी पडलेली. सहाटायरी, दहाटायरी, बाराटायरी नाकाला नाक लावून उभ्या. काही हप्ते थकल्याने ओढून आणलेल्या, काही मालकांनीच विकायला लावलेल्या. एका केबिनचं दार उघडंच आहे. सीटखाली स्टोव्ह आणि तवा तसाच पडलाय.

गिऱ्हाईक पाथर्डीकडचा, चाळिशीतला ड्रायव्हर. इतकी वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली, आता स्वतःची घ्यायचीय. सोबत मेहुणा आणि गॅरेजवाले उस्ताद. उस्ताद गाडीकडे बघतही नाहीत.

"शेठ, पयलं आरसी बुक."

2016ची 2518 आहे. नाव आकड्यातच : एकूण वजन 25 टन, ताकद 180 हॉर्सपॉवर. तीन ॲक्सलची, म्हणजे मल्टिॲक्सल. नॅशनल परमिट 15 वर्षं वयापर्यंतच मिळतं. मेहुणा बोटांवर मोजतो. 2031.

उस्ताद चाकाजवळ उकिडवे बसतात. चेसीसवरची धूळ चिंधीने पुसतात, कागद धरून वर पेन्सिल घासतात. नंबर उमटतो. आरसी बुकाशी एकेक अक्षर ताडून पाहतात. घाम कागदावर टपकतो. कुणाला घाई नाही. यार्डवाले शेठ पत्र्याच्या सावलीत सरकतात.

आता इंजिन. उस्ताद आधी त्याला हात लावून बघतात. गार आहे. ते मान डोलवतात. गरम इंजिन आपले रोग लपवतं. सेल मारला. खडखडत गाडी उठते, निळसर धूर सोडते. ऑइलचं झाकण काढलं तर आतून वाफेचे झटके.

"ऑइल खाती ही. रिंगा टाकाव्या लागतील."

ड्रायव्हर काही बोलत नाही. तो टायर बघतोय. रबरावरचे शेवटचे चार आकडे त्याला पाठ आहेत. 2319 : 2019 सालातला तेविसावा आठवडा. दहापैकी चार रिमोल्ड, एकाच्या बाजूला चीर. नवा टायर वीस हजारांच्या पुढे. शेठ साडेअकरा लाखांवर अडून बसलेत. चहा येतो, पुन्हा येतो. दुपार कलताना सौदा दहा लाख ऐंशी हजारांवर बसतो. गाडीवर कर्जाचा बोजा अजून आहे, म्हणून ड्रायव्हर लाखभर मागे ठेवतो. त्याचं हे शहाणपण मला फार आवडतं.

पुढचे दिवस गॅरेज लाइनीत. वेल्डिंगच्या ठिणग्या, हातोड्याचे ठोके, पत्रा तापल्याचा वास. हौद्याचा तळ कुजलाय, नवा पत्रा बसतोय. फाळक्यांच्या कड्या बदलल्या. ताडपत्रीवाला पथारी पसरून बसलाय. दोर, साखळ्या, उटी, जॅक, टॉमी, सगळं त्याच्याकडे. रेडियमवाला पट्ट्या कापतो : पुढे पांढरी, दोन्ही अंगांना पिवळी, मागे लाल.

स्प्रिंगच्या पाट्यांपाशी काम थांबतं.

"दोन पाटे वाढवू का? लोखंड भरणार न्हवं तुम्ही?" उस्तादांचा पोऱ्या विचारतो.

मेहुणा हो म्हणून मोकळा. रिकामी गाडीच नऊ टनांच्या आसपास, कागदावर उरतात पंधरा-सोळा. भाडं टनावर मिळतं. मोह होणारच. पण पाटा वाढला म्हणून ब्रेक वाढत नाही, आणि खंडाळ्याचा उतार कागद बघत नाही. पकडलं तर 20,000 दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000.

ड्रायव्हर उभ्या उभ्या विचार करतो. "पाटे राहू द्या. ब्रेक लायनर नवे टाका, चारी रिमोल्ड काढा." तो जिंकलाय असं मला वाटतं, अजून एक खेपही झालेली नाही तरी.

मग पासिंग. आठ वर्षांपुढच्या गाडीला फिटनेस दरवर्षी. ट्रॅकवर सकाळी सातलाच रांग लागलेली. ड्रायव्हर गाडीच्या सावलीत बसतात, सावली सरकते तसे सरकतात. डिझेलचा धूर, हॉर्न नाही, फक्त वाट बघणं. इन्स्पेक्टर येतात. दिवे, वायपर, हॉर्न. स्पीड गव्हर्नर 80वर बांधलाय का, तेही. ब्रेक लावायला सांगतात. गाडी जागच्या जागी रुतते. सही होते. नॅशनल परमिटचे वर्षाचे 16,500, विमा, फास्टॅग हे अजून बाकीच. मेहुण्याच्या वहीत सौद्याच्या खाली आकड्यांचं दुसरं पान भरत आलंय.

पहिली गाडी घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं : टायर, ब्रेक आणि कागदांचे पैसे वेगळे काढूनच यार्डात पाय टाका, आणि फायनान्सची एनओसी व सहीशिक्क्याचा फॉर्म 35 हातात पडेपर्यंत शेवटचा लाख सोडू नका.