जयगडपर्यंत जाऊन आलो

“तुम्ही विमान चालवता? म्हणजे एअर इंडियात आहात वाटतं?”

हा प्रश्न मला आयुष्यात इतक्यांदा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर आता झोपेतही देता येईल. “नाही हो, मी विमा कचेरीत कारकून होतो,” असे म्हटले की समोरचे गृहस्थ चष्म्यावरून माझ्याकडे पाहतात. मग मी खुलासा करतो की विमान हे आपले हौशीचे. त्यावर पुढचा प्रश्न हमखास येतो, “काही सुटतं का त्यातून?”

काही सुटत नाही. सुटूच शकत नाही. खासगी परवान्यावर विमान चालवणाऱ्याला त्याबद्दल पगार किंवा भाडे घेण्याची कायद्याने मनाई आहे. उलट आपल्याच खिशातले पैसे सुटत जातात आणि ते कुठे गेले हे घरी सांगणे कठीण होऊन बसते. माझी बायको समजूतदार. तिने एकच अट घातली होती, आपल्या स्वतःच्या विम्याचा हप्ता एकदाही चुकवायचा नाही!

आम्ही मूळचे रत्नागिरीचे. घर मांडवीला. आमच्या गावात हौशीचे नवल कोणाला वाटणार? तिथे आळीआळीला एक नाट्यमंडळ. दिवसा कोर्टात कारकुनी करणारा माणूस रात्री तोंडाला रंग लावून संभाजी होतो आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पुन्हा टेबलावर हजर. पण त्यात आणि माझ्या हौसेत एक फरक होता. हौशी नट वाक्य विसरला तर आतून प्रॉम्प्टर सांगतो. माझ्याकडे प्रॉम्प्टर नव्हता.

विमानाचे वेड लागले ते जुहूला. मुंबईत नोकरीला लागल्यावर रविवारी सकाळी मी तिथे कुंपणाशी जाऊन उभा राही. हा विमानतळ १९२८ सालचा आणि मुंबई फ्लाइंग क्लबही त्याच सालचा. जे. आर. डी. टाटा याच क्लबात शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिकाचा परवाना मिळाला. १९३२च्या १५ ऑक्टोबरला कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन ते एकटे निघाले आणि अहमदाबादमार्गे उतरले ते याच जुहूच्या मैदानावर. मी कुंपणाशी उभा राहू लागलो तोवर हा सारा इतिहास झाला होता, पण मैदान तेच होते. एका रविवारी आतल्या एका पारशी गृहस्थांनी विचारले, “रोज रोज बघतो काय? आत ये नी.” मी आत गेलो. तेच पुढे माझे गुरू झाले.

आत पाहिले तर मंडळी माझ्यासारखीच निघाली. म्हणजे श्रीमंत दोन-चार होते, नाही असे नाही, पण बाकी सारे पोटापाण्याचे लोक. एक दातांचे डॉक्टर, एक कापडाचे व्यापारी, एक कॉलेजात गणित शिकवणारे, एक छापखानेवाले. त्या काळी सरकारी अनुदानामुळे क्लबातले उड्डाण आजच्या मानाने स्वस्त पडे. तरीसुद्धा मी स्कूटर घेतली नाही, सिनेमा सोडला आणि दिवाळीचे कपडे एका वर्षाआड केले. शेजारी म्हणत, “पोस्टात ठेवतो वाटतं सगळे!” मी त्यांचा समज मोडला नाही.

उड्डाणाआधी अर्धा तास नुसते विमान तपासण्यात जातो, हे लोकांना सांगितले तर खरे वाटत नाही. सकाळी आधी टाकीच्या तळाशी असलेली तोटी दाबून थोडे पेट्रोल एका काचेच्या नळीत घ्यायचे आणि उजेडात धरून पाहायचे. रात्रीच्या दमटपणाने टाकीत पाणी साचले असेल तर ते जड म्हणून तळाशी बसते आणि थेंबाच्या रूपाने नळीत दिसते. ते पाणी इंजिनात गेले तर इंजिन आकाशात बंद पडणार. मग इंजिन सुरू करून मॅग्नेटो पाहायचे. ठिणगी देणारी ही यंत्रे विमानात दोन असतात. एक मेले तर दुसऱ्याने घरी यावे म्हणून. एक बंद करायचे, इंजिनाचे फेरे किती उतरतात ते पाहायचे, मग दुसरे बंद करायचे. हे रोज, प्रत्येक वेळी. देवपूजा एखादे दिवशी उरकली तर देव चालवून घेईल, ही उरकलेली चालत नाही. आमचे गुरू म्हणत, “पगारी माणसाच्या मागे कंपनी उभी असते. हौशी माणसाच्या मागे कोण? तो स्वतः. म्हणून त्याने डबल बघायचे.”

या मंडळींतली एक रीत मात्र मला फार आवडे. आकाशात दुसऱ्याचे अडले तर आपली शर्यत बाजूला ठेवायची. ही रीत जुनी आहे. १९३० साली आगाखानांनी बक्षीस लावले होते, इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा उलट असा प्रवास एकट्याने महिन्याच्या आत करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. टाटा कराचीहून निघाले, अस्पी इंजिनियर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून निघाला. दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये, अबुकीरला. अस्पी स्पार्क प्लगांवाचून अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. अस्पी आधी पोहोचला, बक्षीस त्याने घेतले आणि टाटा हरले. हाच अस्पी पुढे, १९६० साली, भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. क्लबात नवा माणूस आला की ही गोष्ट त्याला पहिल्या चहाबरोबर ऐकवली जाई. मला तीन वेगवेगळ्या माणसांनी ऐकवली आणि तिघांच्या सांगण्यात प्लगांची संख्या वेगवेगळी होती.

हौस माणसाला कुठवर नेईल याचा नेम नाही. पाटण तालुक्यातून आलेल्या कुटुंबातल्या कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधले. ते २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची उड्डाण चाचणी झाली. बोरिवलीची आरोही पंडित ही मुलगी २०१९च्या मे महिन्यात ‘माही’ नावाच्या चिमुकल्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडून गेली. मी अटलांटिक वगैरे ओलांडला नाही. मला एकदा फक्त मांडवीला जायचे होते.

साल १९८६. परवाना मिळून तीन वर्षे झाली होती. वडील वारलेले, आई एकटीच रत्नागिरीला. मी तिला कळवले की मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी नऊच्या सुमारास मी विमानाने येतो. उतरायचे नव्हते, गावावर दोन घिरट्या घालायच्या आणि परत फिरायचे. आईचे उलट पत्र आले, “तुला घर कसे कळणार? मी यांचे धोतर काठीला बांधून खळ्यात उभी राहीन.”

साडेसातला मी जुहू सोडले. दोन माणसांचे सेसना विमान, त्यात मी एकटा, टाकीत चार तासांचे पेट्रोल. जाऊन येऊन पावणेतीन तासांचा हिशेब. दोन हजार फुटांवरून किनारा डाव्या हाताला ठेवून निघालो आणि खरे सांगतो, पहिला अर्धा तास मी विमान चालवत होतो की लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून बोटीतून जात होतो, हे माझे मला कळेना. अलिबागचा कुलाबा किल्ला गेला, मुरूडचा जंजिरा गेला. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बाणकोटची खाडी. हर्णैला सुवर्णदुर्ग पाण्यात कासवासारखा पडलेला. याच हर्णैला बोट लांब उभी राही, पडाव येत, बायका मुलांना पोटाशी धरून त्यांत उतरत आणि आम्हाला पोटात ढवळू लागे. त्या बोटीला रत्नागिरी गाठायला सारा दिवस लागे. मी पाऊण तासात हर्णै मागे टाकले. दाभोळ आले, वाशिष्ठीचे तांबूस पाणी समुद्रात दूरवर शिरलेले दिसले. गुहागरची पांढरी वाळू. आणि पुढे जयगड.

पुढे जयगड असायला हवे होते, असे म्हणणे अधिक बरोबर.

नैर्ऋत्येकडून एक करडा पडदा सरकत आला होता. पाऊस असा नाही, पण ढग खाली उतरले होते. मी हजार फुटांवर आलो, मग आठशेवर. काचेवर बारीक थेंब धरू लागले. जयगडच्या दीपगृहाचा खालचा भाग दिसत होता, वरचा नव्हता. त्याच्या पलीकडे समुद्र, आकाश आणि डोंगर यांचा एकच रंग झाला होता.

घड्याळ पाहिले. रत्नागिरी अकरा मिनिटांवर. गणपतीपुळे तर हे इथेच. आई खळ्यात उभी असणार. कचेरीत मी चार जणांना सांगून बसलो होतो. समुद्रावरून, ढगाच्या खालून, लाटांना लागून गेलो तर? मधे आणखी खाली आले तर क्षणभर ढगात शिरून पलीकडे निघालो तर? पलीकडे ऊन असेलही.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. ढगात शिरले की दिसत नाही, एवढेच नसते. आपण सरळ आहोत की तिरपे हे माणसाला डोळ्यांनी कळते. डोळे गेले की कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा खोटे सांगू लागते, आणि ते अगदी छातीठोकपणे. विमान एका अंगावर कलत असते आणि चालवणारा शपथेवर सांगेल की आपण सरळ जात आहोत. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली नुसत्या उपकरणांवर उडण्याची सवय नसलेल्या वीस वैमानिकांना बाहेरचे दिसेनासे करून पाहिले. विसांपैकी वीस जणांचा विमानावरचा ताबा सुटला. सरासरी वेळ, १७८ सेकंद. म्हणजे तीन मिनिटेसुद्धा नाहीत. मग त्यांना जी युक्ती शिकवली ती इतकीच की सावकाश अर्धे वर्तुळ घ्यायचे आणि आल्या वाटेने बाहेर यायचे. आमच्या गुरूंनी तीच त्यांच्या भाषेत शिकवली होती, “डिकरा, ढग दिसला ना, की घर याद कर.”

पंचाईत अशी होती की त्या दिवशी मला दोन घरे याद येत होती, एक पुढे आणि एक मागे.

मी वळलो. अर्धे वर्तुळ पुरे व्हायला मिनिटभर लागते. ते मिनिट मला फार लांब वाटले. हर्णैला पुन्हा लख्ख ऊन होते आणि त्या उन्हात मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू. मुरूडपर्यंत मी मनातल्या मनात पुढे जाऊन चार वेळा रत्नागिरीला घिरट्या घालून आलो. पलीकडे खरोखरच ऊन होते की काय, या विचाराने आजही मी कधीमधी या कुशीचा त्या कुशीवर होतो.

जुहूला उतरलो तेव्हा मंडळी चहाला बसली होती. “काय, आई भेटली?” मी म्हटले, “जयगडपर्यंत जाऊन आलो.” कोणी हसले नाही. दातांच्या डॉक्टरांनी बटाटेवड्याची बशी पुढे सारली. छापखानेवाल्यांनी, आपण खंडाळ्याच्या तोंडावरून दोनदा कसे परत आलो, ते सांगितले. गणिताचे प्राध्यापक एरवी कोणाला बोलू देत नसत, ते म्हणाले, “वहीत जयगडच लिहा.” गुरुजी काही बोलले नाहीत, उठून त्यांनी माझ्या विमानाच्या टाकीतले पेट्रोल मोजले आणि मान हलवली. उड्डाणाच्या वहीत मी लिहिले, “जुहू–जयगड–जुहू. हवामान.”

संध्याकाळी आईच्या शेजारच्या घरी ट्रंक कॉल लावला. माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत ती म्हणाली, “मेल्या, बरं झालं तू सांगून ठेवलंस ते! मी सातापासून धोतर घेऊन खळ्यात उभी. वर बघत होत्ये म्हणून ढग आधी दिसला. आंब्याची साठं, आमसुलं, सगळं आत घेतलं आणि मग जी सर आली! वाडीत दुसऱ्या कुणाचं काही वाचलं नाही.”

“आई, मी जयगडवरून परत गेलो.”

“मग काय करणार होतास? तुझे वडीलसुद्धा वादळाचे दोनदा जयगडला उतरलेत.”

पुढे डिसेंबरात मी पुन्हा निघालो. या वेळी तिला कळवले नाही. उगाच उन्हात उभी राहील. हवा धुतल्यासारखी स्वच्छ होती. जयगडचे दीपगृह टोकापासून पायथ्यापर्यंत दिसले. गणपतीपुळे झाले, मिऱ्याचा डोंगर झाला, रत्नदुर्ग आला. लहानपणी आम्ही एकीकडच्या किनाऱ्याला पांढरा समुद्र आणि मांडवीकडच्या किनाऱ्याला काळा समुद्र म्हणत असू. वरून दोन्ही वाळूंचे रंग एका नजरेत दिसले. भाट्याच्या खाडीवरून वळसा घेतला आणि आमची कौले ओळखली. विहीर, रहाट, फणस. खळे मोकळे होते. दोन घिरट्या घातल्या, तिसरी हावरेपणाने घातली आणि परत फिरलो.

आठ दिवसांनी आईचे पत्र आले. आजारीपाजारी, नारळांचा भाव, शेजारच्या मुलीचे ठरलेले लग्न असे सगळे झाल्यावर खाली समासात लिहिले होते, “परवा एक विमान आपल्या घरावरून तीनदा फिरून गेले. शेजारीण म्हणाली, तुमचा मुलगाच असेल. मी म्हटले, छे, तो असता तर आधी कळवून आला असता.”