फेरेट, जाळी आणि बिळातला ससा

हिंगोलीच्या माळावर कोणी फेरेट नावाचा पाळीव प्राणी घेऊन सशाच्या शिकारीला निघाला, तर दिवसभर फेरेट सांभाळत बसण्यापलीकडे त्याच्या हाती काही लागायचं नाही. कायदा आडवा येईल हे खरंच, पण त्याआधी ससाच आडवा येईल. फेरेटची शिकार ही बिळातली शिकार, आणि आपला ससा बिळात राहतच नाही.

सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडच्या माळरानात किंवा सोयाबीन-तुरीच्या बांधावर दिसणारा भुरा, लांब कानांचा ससा जन्मभर उघड्यावर जगतो. गवताच्या बुडाशी किंवा एखाद्या झुडपाखाली अंगाच्या मापाची उथळशी जागा दाबून घेतो आणि दिवसा तिथंच कान पाठीवर टाकून पडून राहतो. त्या जागेच्या मागच्या बाजूला, ढुंगण टेकतं तिथं, खळगा जरा जास्त खोल असतो. माणूस चार पावलांवर आला तरी तो हलत नाही. मग जवळजवळ पायाखालूनच उठतो आणि नागमोडी पळत सुटतो. कुत्रं फारच मागं लागलं तर एखाद्या आयत्या बिळात शिरेलही, पण स्वतः बीळ खोदणं त्याच्या स्वभावात नाही. त्याची पिल्लंसुद्धा अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात, कारण त्यांना लपवायला घर नसतं.

युरोपातला रानससा निराळा. आपल्याकडे पिंजऱ्यात पाळतात तो लाल डोळ्यांचा पांढरा ससा त्याच्याच वंशातला. हा मूळचा स्पेन-पोर्तुगालचा; इंग्लंडमध्ये रुजला तो नॉर्मन राज्यकर्त्यांच्या काळापासून. तो कळपानं राहतो, जमीन पोखरून बिळांचं जाळं करतो. एका वसाहतीला कधी पाच-सहा तोंडं असतात, कधी पन्नासच्या वर. पिल्लं महिनाभरात जन्मतात, उघडी आणि आंधळी, बिळातल्या केसांच्या गादीवर. संकट आलं की हा ससा रानात पळत नाही, घरात पळतो. मग कुत्र्यानं तोंडाशी बसून भुंकावं, याहून त्याच्या हाती काही नाही.

तिथं फेरेट उपयोगी पडतो. हा पोलकॅट नावाच्या युरोपी रानटी प्राण्याचा पाळीव वंशज, आपल्या पाणमांजराच्या कुळातला. बांधा मुंगसासारखा, पण मुंगसाशी नातं नाही. अंग लांब, पाय आखूड, डोकं जिथून जाईल तिथून सगळं शरीर जातं. मादी साधारण पाऊण किलोची, नर तिच्या दीडपट-दुप्पट. सशाच्या बिळाचं आणि या अंगाचं माप इतकं जुळतं की माणसाच्या ते दोन हजार वर्षांपूर्वीच लक्षात आलं होतं. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो स्पेनचं वर्णन करताना या धंद्याची सगळी रीत सांगून जातो: आफ्रिकेतून आणलेला, मुद्दाम पाळलेला प्राणी, त्याच्या तोंडाला मुसकं, त्याला बिळात सोडायचं आणि वर माणसं उभी करायची. मुसकं सोडलं तर रीत आजही तीच आहे.

आता नवख्या माणसाला इंग्लंडच्या एखाद्या शेतात जुन्या फेरेटवाल्याबरोबर नेलं, तर काय काय बघायला मिळेल ते क्रमानं पाहू. हंगाम हिवाळ्याचा, साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी. झाडोरा वाळून बसलेला असतो, त्यामुळे बिळांची तोंडं दिसतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. वसंतात बिळात पिल्लं असतात; फेरेट ती मारून खातो, तिथंच झोपतो आणि दिवस संपतो.

पहिलं काम बिळं वाचायचं. तोंडाशी ताज्या लेंड्या आहेत का, माती पायांनी गुळगुळीत झालीय का, की कोळ्याचं जाळं आणि पाचोळा साचलाय? जाळं असेल तर घर रिकामं. हे सगळं वाऱ्याच्या उलट बाजूनं येऊन, न बोलता करायचं. नवख्याची अडचण इथूनच सुरू होते, कारण त्याला बोलायचं असतं. सशाला जमिनीतून पावलांची धडधड कळते, आणि वर माणसं आहेत हे एकदा कळलं की तो फेरेटचे दात सोसेल पण बाहेर येणार नाही.

मग जाळी. माझ्या मते या शिकारीची खरी करामत जाळीतच आहे. फेरेट काय, त्याच्या जन्मजात स्वभावानं वागतो. प्रत्येक तोंडाला एक जाळी. तिची लांबी साधारण मीटरभर, दोन टोकांना दोन कड्या, आणि कडेच्या सगळ्या फाशांतून ओवलेली एक दोरी. दोरीच्या टोकाला लाकडी खुंटी. खालची कडी बिळाच्या खालच्या ओठावर ठेवायची, वरची कडी वर, आणि मधली जाळी पसरून सगळं तोंड झाकायचं. खुंटी वरच्या बाजूला घट्ट ठोकायची. ससा आतून सुसाट येऊन जाळीवर आदळला की जाळी त्याच्याबरोबर पुढे जाते, खुंटीशी बांधलेली दोरी ताणली जाते, कड्या सरकतात आणि जाळीचं तोंड बटव्यासारखं आवळतं. जाळी फार ताणून लावली तर ससा आपटून मागं फिरतो. फार ढिली लावली तर कडेनं निसटतो. एखादी काडी किंवा काटा जाळीत अडकला तरी ती आवळत नाही. म्हणून जाणता माणूस प्रत्येक तोंडापुढचं गवत हातानं साफ करतो आणि मगच पुढच्या बिळाकडे सरकतो.

नवखा चुकतो तो मुख्य तोंडांवर नाही, चोरवाटेवर. मोठ्या बिळांपासून लांब, काट्यांच्या जाळीत एखादं मूठभर तोंड असतं, बाहेर मातीचा ढीगसुद्धा नसतो, कारण ते आतून खोदलेलं असतं. सगळी जाळी लावून झाल्यावर पहिला ससा नेमका तिथून निघून जातो. जाळी मोजून लावायची आणि मोजून परत घ्यायची हाही नियम आहे. विसरलेली जाळी नंतर कोणाचा जीव घेईल सांगता येत नाही.

फेरेट पेटीतून शेवटी निघतो. त्याला बिळात कोंबायचं नसतं. जाळीची कड उचलून तोंडाशी ठेवायचं. तो अंग झटकतो, हवा हुंगतो. आत ससा असेल तर शेपटीचे केस फुलतात आणि तो सरळ आत जातो. नसेल तर परत फिरतो, आणि अनुभवी माणूस त्याच्यावर विश्वास ठेवून पुढचं बीळ बघतो. पांढऱ्या फेरेटला पसंती असते, कारण झाडोऱ्यात तो चटकन दिसतो.

यानंतर काहीच करायचं नसतं, आणि हेच सगळ्यात अवघड. बिळाच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, बाजूला किंवा मागं राहायचं. जमिनीखालून धप्-धप् असा आवाज येतो. ससा मागचा पाय आपटून बाकीच्यांना इशारा देत असतो. मग जमिनीत कुठेतरी घरंगळल्यासारखी खळबळ, आणि दुसऱ्या क्षणी जाळीत ससा. आता मात्र घाई हवी. एका हातानं ससा, आणि पायानं किंवा दुसऱ्या जाळीनं बिळाचं तोंड लगेच बंद, कारण त्याच्या मागून दुसरा येत असतो. ससा जाळीतच धरून मान मोडून एका झटक्यात मारायचा, अशी शिस्त असते. मागचे पाय घट्ट धरले नाहीत तर नखांनी हात फाटतो. मेल्यावर पोटाच्या खालच्या भागावर अंगठा दाबून मूत काढून टाकतात, नाहीतर मांसाला वास लागतो. नवख्यांपैकी काही जण या टप्प्यावर ठरवतात की हे आपलं काम नाही, आणि त्यात काही गैर आहे असं मला वाटत नाही.

फेरेट बाहेर आला की त्याच्यावर झडप घालायची नाही. तोंडाशी आलेल्याला दोन-तीनदा घाईनं धरलं की तो शिकतो, आणि पुढे हात दिसला की आत सरकून बसतो. असा फेरेट शिकारीच्या कामातून गेला म्हणून समजावं. पूर्ण बाहेर येऊ द्यावा, मग खांद्यांमागून शांतपणे उचलावा.

आणि तो बाहेरच आला नाही तर? आत ससा एखाद्या बंद टोकाला तोंड खुपसून बसतो, ढुंगण फेरेटकडे. फेरेट पाठीवरचे केस ओरबाडत राहतो, पण मान सापडत नाही. किंवा मान सापडते, तो मारतो, खातो आणि तिथंच गाढ झोपतो. पूर्वी यावर एक मजबूत नर वेगळा ठेवत. त्याच्या गळ्यात लांब दोरी, दोरीला यार्डायार्डावर गाठी. तो मादीला हुसकून स्वतः सशाजवळ ठाण मांडायचा, आणि किती गाठी आत गेल्या ते मोजून वरून खोदायची जागा ठरवायची. आता फेरेटच्या गळ्यात छोटा ट्रान्समीटर असलेला पट्टा बांधतात. माणूस हातातली पेटी जमिनीवरून फिरवतो, आवाज सर्वांत मोठा होतो तिथं खूण करतो आणि कुदळ घेतो. फेरेटनं आत मारूच नये म्हणून जुन्या काळी त्याला मुसकं बांधत, काही निर्दय लोक तर ओठ शिवत. मुसकं बांधलेला फेरेट बिळात हरवला तर उपाशी मरतो. आजचे शहाणे फेरेटवाले त्याऐवजी पोट सांभाळतात: सकाळी थोडं खायला देतात, कारण उपाशी फेरेट बिळातच जेवायला बसतो आणि तुडुंब खाल्लेला झोपतो.

वर्षातले बाकीचे महिने फेरेट नुसता पाळावा लागतो, आणि हा भाग कोणी नवख्याला आधी सांगत नाही. वास उग्र असतो. कुत्र्यांचा डिस्टेंपर त्याला झाला तर तो वाचत नाही, म्हणून लस हवी. मादी माजावर आली आणि नराशी संग झाला नाही, तर माज महिनोन्‌महिने उतरतच नाही. माजाच्या संप्रेरकानं अस्थिमज्जा रक्त तयार करणं सोडते आणि मादी मरू शकते. म्हणून पिल्लं नको असतील तर नसबंदी केलेला नर तिच्याजवळ सोडतात किंवा इंजेक्शन देतात. उष्णता तर त्याला अजिबात सोसत नाही. तिशीच्या पुढच्या पाऱ्यात उष्माघातानं तो आडवा होतो. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या हिंगोलीत त्याला कूलरसमोरच ठेवावं लागेल.

मराठवाड्यात माणसानं आपल्या सशासाठी जी साधनं घडवली, ती म्हणूनच वेगळी आहेत. इथं बिळात शिरणारा प्राणी कामाचा नाही, उघड्यावर गाठणारा हवा. लातूर जिल्ह्यातलं जानवळ हे गाव पश्मी आणि कारवान कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट. नाकापेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवून ही कुत्री धावतात. फेरेटच्या बांध्याच्या हा बरोबर उलटा बांधा, आणि दोन्ही सशानंच घडवले म्हटलं तरी चालेल. दुसरं साधन वागुर. फासेपारध्यांसारखे शिकारीवर जगणारे लोक जनावरांच्या येण्याजाण्याच्या वाटांवर फासे मांडत, किंवा काठ्यांवर लांब जाळं उभं करून समोरून हाकारा घालत. इंग्रज फेरेटवाला सशाच्या घराचं प्रत्येक दार बंद करतो. इथं दारच नाही, म्हणून सशाची वाट अडवायची. एकाला बिळं वाचता यावी लागतात, दुसऱ्याला गवतातली पायवाट. इंग्लंडमध्ये फेरेटवाला शेतकऱ्याचा मदतनीस ठरला. इकडे याच कसबावर जगणाऱ्या पारध्यांवर १८७१ च्या कायद्यानं सुरू झालेल्या धोरणात जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला, आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं.

तिकडची पद्धत उचलून दुसरीकडे नेली की काय होतं, हे न्यूझीलंडनं पाहिलं आहे. वसाहतवाल्यांनी आधी तिथं ससे नेले. ससे मेंढ्यांचं गवत खाऊ लागले, तेव्हा १८८० च्या दशकात फेरेट आणून मोकळे सोडले. पण जाळी लावणारा माणूस बरोबर नसलेला फेरेट म्हणजे नुसता रानटी शिकारी. ससे संपले नाहीत, आणि किवीसारखे जमिनीवर राहणारे पक्षी मात्र त्याच्या तोंडी पडले. तिथं आता फेरेट पाळायला, विकायला बंदी आहे. आपलं मुंगूसही अशाच कामावर परदेशी गेलं: १८७२ मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकाच्या उसाच्या मळ्यांत उंदरांसाठी नेली, आणि त्यांनी तिथल्या पक्ष्यांचा, सरड्यांचा फडशा पाडला.

हिंगोलीत आज हे सगळं वाचण्यापुरतंच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशाच्या शिकारीला बंदी आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि कायद्यातली शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, फासा मांडणं, सापळा लावणं, हाकारा घालून पळवणं, यातल्या कशाचाही नुसता प्रयत्नसुद्धा तिच्यात येतो. वागुर रिकामी घेऊन परतलेल्या माणसावरही गुन्हा दाखल होतो.