पहिला टाका कोणाच्या अंगावर?

आजचा प्रश्न जरा अंगावर काटा आणणारा आहे. शिकाऊ डॉक्टर आयुष्यातला पहिला टाका घालतो, तो नेमका कोणाच्या अंगावर?

शाळेत असताना मी पडले आणि हनुवटीला चार टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरचा हात थरथरत होता, आणि मला ते दिसत होतं! म्हणून हा विषय माझ्या जरा जवळचा.

सर्जरी शिकण्याचा जुना मंत्र असा: एकदा बघा, एकदा करा, एकदा शिकवा. गोची आहे ती मधल्या पायरीत. सुश्रुतसंहितेतही यावर उपाय दिलाय. छेद घ्यायला भोपळा, कलिंगड, काकडी. टाके शिकायला कापड आणि मऊ चामडं. आज त्या जागी सिलिकॉनचं पॅड आलंय. पण पॅड बोलत नाही ना! सुई तिरकी गेली हे सांगायला शेजारी सर लागतात, आणि सर एक, विद्यार्थी ढीगभर.

इथे एआर, म्हणजे ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी कामाला येते. व्हीआरमध्ये आजूबाजूचं जग गायब होतं. एआरमध्ये खरं जग तसंच राहतं, त्यावर चित्र चढतं. 2016 मध्ये पोकेमॉन गो खेळलात? अगदी तेच तंत्र.

म्हणजे पॅड खरं, सुई खरी, धागा खरा. चष्मा किंवा मोबाइलचा कॅमेरा पॅड ओळखतो आणि त्यावर खुणा दाखवतो: सुई इथे टोचा, कातडीशी काटकोनात. आता मनगट फिरवा. जखमेच्या दोन्ही कडांपासून अंतर सारखं ठेवा. सर दुसऱ्या देशात असले तरी चालतं. प्रॉक्झिमी नावाच्या यंत्रणेवरून बैरूतमधल्या सर्जननं गाझातल्या सहकाऱ्याला स्क्रीनवर खुणा करून हाताच्या ऑपरेशनमध्ये वाट दाखवली आहे.

मग सगळं सोपं झालं का? नाही. एक तर, गाठ किती ओढायची हे डोळ्यांना नाही, बोटांना कळतं. जास्त आवळली तर तिथला रक्तपुरवठा तुटतो, सैल राहिली तर जखम उघडते. वरची चित्रं हा ताण सांगू शकत नाहीत.

दुसरं म्हणजे लक्ष. 2013 मध्ये कॅनडातल्या सर्जन्सचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एआर वापरणारे ठरलेल्या जागी जास्त अचूक पोचले, पण समोर स्पष्ट दिसणारी अनपेक्षित गोष्ट त्यांच्याच नजरेतून जास्त सुटली. गूगल मॅप बघत चालताना समोरचा खड्डा दिसत नाही, तसंच काहीसं!

म्हणून मला वाटतं, एआर हे सायकलच्या आधाराच्या चाकांसारखं असावं. आधी खुणा बघून, मग खुणा बंद करून, आणि शेवटी सरांच्या नजरेखाली. हात थरथरायचाच असेल तर तो पॅडवर थरथरू दे, एखाद्या पोराच्या हनुवटीवर नको.

तुम्हाला कधी टाके पडलेत? किस्सा नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!