रिपोर्टमध्ये औषध ‘लागू’, तरी ताप का उतरत नाही?

पायाला गळू होते, ताप चढतो, पू तपासायला जातो. दोन-तीन दिवसांनी कल्चरचा रिपोर्ट येतो. त्यात अँटिबायोटिक्सची यादी आणि प्रत्येक नावापुढे एक अक्षर असते. ‘एस’ म्हणजे औषध लागू पडेल, ‘आर’ म्हणजे जंतू त्याला दाद देणार नाही. ‘एस’ असलेले इंजेक्शन सुरू होते, पण ताप हटत नाही. डॉक्टर सांगतात, चिरा देऊन पू काढावा लागेल. नातेवाईक विचारतात, ‘‘औषध लागू आहे ना, मग चिरफाड कशाला? आणखी भारी इंजेक्शन द्या.’’

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र रिपोर्टमध्ये छापलेले नसते. ते जंतूंच्या संख्येत आहे.

प्रयोगशाळेत ही तपासणी जंतूंची संख्या ठरवून केली जाते. नमुन्यातून वाढवलेले जंतू सलाइनमध्ये मिसळतात आणि ते किती गढूळ झाले हे प्रमाण नळीशी ताडून पाहतात. ही मोजपट्टी जोसेफ मॅकफार्लंड यांनी १९०७ मध्ये मांडली. तपासणीसाठी ठरलेल्या गढूळपणाला एका मिलीलिटरमध्ये साधारण १० ते २० कोटी जंतू असतात. हे मिश्रण जंतूंचे खाद्य असलेल्या ताटलीवर पसरून त्यावर औषधाच्या चकत्या ठेवतात. चकतीभोवती जंतू न वाढलेले जे वर्तुळ उरते, ते दुसऱ्या दिवशी मिलिमीटरमध्ये मोजतात. दुसऱ्या पद्धतीत मिश्रण पातळ करून मिलीलिटरला सुमारे ५ लाख जंतूंवर आणतात आणि त्यांची वाढ रोखायला औषधाची किमान किती मात्रा लागते ते पाहतात.

संख्या चुकली की रिपोर्ट चुकतो. मिश्रण दाट झाले तर वर्तुळ लहान पडते आणि चांगले औषधही निरुपयोगी वाटते. पातळ झाले तर निकामी औषध ‘लागू’ दिसू शकते. ही दुसरी चूक रुग्णाला जास्त महागात पडते.

शरीरातले जंतू मात्र ठरलेल्या संख्येत राहत नाहीत. गळवातल्या एक मिलीलिटर पुवात १० कोटी किंवा त्याहून जास्त जंतू असू शकतात. हृदयाच्या झडपेवर संसर्ग झाला तर तिथे साचलेल्या थरात एका ग्रॅमला १,००० कोटींपर्यंत जंतू आढळतात. प्रयोगशाळेत जंतू शंभरपट वाढवून तीच चाचणी केली, तर काही औषधांची किमान मात्रा आठपट किंवा त्याहूनही वाढते. याला ‘इनॉक्युलम इफेक्ट’ म्हणतात. इनॉक्युलम म्हणजे चाचणीत घातलेले जंतूंचे विरजण.

असे का होते? पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातली औषधे मोडून टाकणारे विकर काही जंतू तयार करतात. जंतू थोडे असतील तर विकरही थोडे आणि औषध पुरून उरते. जंतूंची गर्दी झाली की विकरांचा साठा इतका होतो की औषध काम करण्याआधीच संपते. दुसरे कारण, गर्दीत खाद्य कमी पडते आणि जंतूंची वाढ मंदावते. पेनिसिलिन नवी भिंत बांधणाऱ्या, म्हणजे वाढत्या जंतूंवर हल्ला करते. सुस्तावलेले जंतू त्यातून निसटतात. अमेरिकी शास्त्रज्ञ हॅरी ईगल यांनी १९५२ मध्ये उंदरांच्या स्नायूत स्ट्रेप्टोकॉकस जंतू टोचून हेच दाखवले. पेनिसिलिन लवकर दिले तर उंदीर वाचत. उशीर होत गेला तसे तेच औषध, त्याच जंतूवर, निष्प्रभ होत गेले.

रुग्णांमध्येही रिपोर्टवरचे अक्षर पुरेसे ठरत नाही, याचे एक उदाहरण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मेरिनो’ चाचणीत मिळाले. रक्तात सेफ्ट्रियॅक्सोनला न जुमानणारे जंतू सापडलेले हे रुग्ण होते. त्यांच्या रिपोर्टप्रमाणे पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम आणि मेरोपेनेम ही दोन्ही औषधे लागू होती. तरीही ३० दिवसांत पहिल्या गटातले १२.३ टक्के, तर मेरोपेनेमच्या गटातले ३.७ टक्के रुग्ण दगावले. यामागच्या कारणांवर मतभेद आहेत. चाचणीच्या पद्धतीतल्या त्रुटींकडेही बोट दाखवले गेले. पण पिपरॅसिलिनवर जंतूंच्या संख्येचा परिणाम मोठा होतो, हेही एक संभाव्य कारण मानले जाते.

याचा अर्थ रिपोर्ट कुचकामी आहे असा नाही. ‘आर’ लिहिलेल्या औषधावर विसंबणे धोक्याचेच. पण ‘एस’ हे अर्धे उत्तर आहे. उरलेले अर्धे, जंतू कुठे आणि किती साठलेत यात आहे. पू काढला की करोडो जंतू, त्यांची विकरे आणि मेलेले मांस एका फटक्यात बाहेर जाते. मग तेच साधे इंजेक्शन परिणाम दाखवू लागते. संसर्ग झालेली लघवीची नळी बदलणे किंवा अडकलेला खडा काढणे हेही त्याच कारणासाठी.

म्हणून ताप उतरत नसेल तर ‘भारी’ औषधाचा आग्रह धरण्याआधी ‘आत कुठे पू साचला आहे का, सोनोग्राफी करायची का?’ असे डॉक्टरांना विचारावे. गळू पिकले असेल तर चिरा देणे पुढे ढकलू नये. आणि कपाटातला जुना रिपोर्ट दाखवून औषधाच्या दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणू नये. तो रिपोर्ट त्या वेळच्या, त्या नमुन्यातल्या जंतूंचा होता.