मलमातील ‘निष्क्रिय’ घटक आणि मधुमेहींचे पाऊल

शिरगावच्या किनाऱ्यावर अनवाणी चालताना शिंपल्याने तळपाय कापला, तरी पायाची संवेदना मंदावलेल्या मधुमेही व्यक्तीला ते कळतही नाही. जखम दिसली की घरातले एखादे मलम लावले जाते. ट्यूबवरील औषधाचे नाव आपण वाचतो; उरलेल्या घटकांकडे मात्र लक्ष देत नाही.

वस्तुतः मलमाचा फार मोठा भाग या उरलेल्या घटकांचाच असतो. सिल्व्हर सल्फाडायझिनच्या नेहमीच्या क्रीममध्ये औषध अवघे १ टक्का असते. बाकीच्या द्रव्यांना ‘निष्क्रिय’ म्हणतात. परंतु उघड्या जखमेवर ती निष्क्रिय राहतातच असे नाही.

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेहींच्या पायाच्या जखमांवर बेकाप्लर्मिन हे औषध असलेले जेल वापरले गेले. त्या गटातील ५० टक्के रुग्णांच्या जखमा पूर्ण भरल्या. औषधाविना नुसते जेल लावलेल्या गटातही ३५ टक्के जखमा भरल्या! जखमेची नीट शुश्रूषा दोन्ही गटांत होती, आणि जेलमुळे जखमेत ओलावा टिकत होता.

हाच ओलावा पाझरणाऱ्या जखमेत घातक ठरतो. तेलकट मलमाखाली पाणी कोंडते आणि कडेची त्वचा पांढरी, लिबलिबीत होते. म्हणून बोटांच्या बेचक्यांत मलम वा क्रीम भरू नये. काही मलमांतील लॅनोलिन किंवा परिरक्षक द्रव्यांमुळे त्वचेला खाज सुटते. काही मलमांच्या आधारद्रव्यात पॉलिइथिलीन ग्लायकॉल असते. मोठ्या, उघड्या जखमेतून ते रक्तात शोषले जाऊ शकते. मूत्रपिंडे दुर्बल असल्यास हे धोक्याचे आहे.

पोव्हिडोन आयोडिनच्या बाटलीवर ‘सोल्यूशन’ आहे की ‘स्क्रब’, हेही पाहावे. स्क्रबमध्ये साबणासारखे द्रव्य असते. ते अखंड त्वचा धुण्यासाठी आहे, जखमेत ओतण्यासाठी नव्हे.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व ट्यूब व बाटल्या सोबत न्याव्यात. मूत्रपिंडाचा विकार किंवा एखाद्या मलमाची ॲलर्जी असल्यास आधी सांगावे. जखमेवरचा भार कमी करणे, साखर आटोक्यात ठेवणे आणि पायाचा रक्तपुरवठा तपासून घेणे यांची जागा कोणतेही मलम घेऊ शकत नाही. काळेपणा, दुर्गंधी, पसरणारी लाली, सूज वा ताप दिसल्यास मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.